काटे काढून दिलेला घास

आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या थुंकीत काय आहे, हे मला ठाऊक आहे. चारचौघांत सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे, पण माझं कामच तसलं. मी एका प्रयोगशाळेत विषाणूंच्या जनुकांवर काम करते आणि गेली काही वर्षं आमच्या टेबलावर एकच विषाणू आहे. नाव लांबलचक, सायटोमेगॅलोव्हायरस. आम्ही त्याला सीएमव्ही म्हणतो. भिवंडीच्या कामतघरात आमच्या गल्लीत कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, मी थुंकी तपासते. त्यावर लोक पटकन विषय बदलतात.

बदलू देत. मला या विषाणूचं वेड आहे आणि ते लपवण्याइतकी मी शहाणी नाही. तो आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात असतो. लहानपणीच येतो, आईच्या दुधातून, कुणाच्या लाळेतून, ओल्या लंगोटातून, आणि एकदा आला की जन्मभर मुक्काम ठोकतो. ताप नाही, खोकला नाही, काही म्हणजे काही नाही. आणि खरी मजा पुढे आहे. सगळ्यांच्या अंगातला तो एकसारखा नसतो. त्याच्या जनुकांत काही जागा अशा आहेत की तिथली अक्षरं घराघरागणिक बदलतात. अनोळखी दोन माणसांचे विषाणू शेजारी ठेवले तर फरकच फरक दिसतात, आणि आई-लेकरांचे ठेवले तर रांगच्या रांग जुळत जाते. स्क्रीनवर ती रांग जुळायला लागली की माझा डबा तसाच राहतो. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या म्हणतात, तुला पगार देण्याऐवजी तिकीट लावायला हवं.

धडधाकट घरात हा विषाणू एकाच ठिकाणी त्रास देतो, पोटातल्या बाळाला. बाईला दिवस गेलेले असताना तिच्या अंगात नवा विषाणू आला किंवा जुना जागा झाला, तर कधीमधी तो बाळापर्यंत पोचतो. पोचला तरी बऱ्याच बाळांना काही होत नाही. ज्यांना होतं, त्यांच्यातल्या पुष्कळांचा कान जातो. हे मी बायकांना इतक्या वेळा समजावून सांगितलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. ते माझ्याच घरात येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

माझ्या वहिनीची ही दुसरी खेप. पहिला मुलगा, माझा भाचा, तीन वर्षांचा. तो झाला तेव्हा ती माहेरी, अंबाडीला होती. या वेळी बाळंतपण आमच्याकडे. मुलगी झाली. दादाने आपल्या लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कामगारांना पेढे वाटले, मी प्रयोगशाळेत वाटले, आईने अख्ख्या गल्लीत वाटले. घरी सोडताना दवाखान्यात बाळाच्या कानांची तपासणी करतात. उजवा कान पास झाला. डावा दोनदा नापास झाला.

“कानात पाणी असेल, दीड महिन्याने परत आणा,” तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दादाने मला फोनवर हे अगदी सहज कळवलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. दीड महिना थांबायचंच नव्हतं. बाळाला हा विषाणू पोटात असतानाच लागला की नंतर आईच्या दुधातून आला, हे पहिल्या तीन आठवड्यांतच सांगता येतं. त्यानंतर दुधातून आलेलाही दिसायला लागतो आणि दोन्हींत फरक करणं कठीण होऊन बसतं. पोटात लागलेला असेल तर औषध आहे, पण तेही पहिल्या महिन्यातच सुरू करायचं. म्हणजे डावा कान गेला तर गेला, निदान उजवा तरी वाचवण्याची धडपड करता येते. हा आजार असा आहे की आज चांगला असलेला कानही पुढे हळूहळू जाऊ शकतो.

मी घरी आले आणि चपला काढता काढताच सांगितलं की बाळाला उद्या तपासणीला न्यायचं आहे. आईने माझ्याकडे बघितलंही नाही.

“सव्वा महिना पोरीला उंबऱ्याभायेर न्हाय काढायची.”

“आई, सव्वा महिन्यात उशीर होईल.”

“तुमाला कुनाला काडली व्हती मी? काय झालं तुमाला?”

आता हिच्याशी काय बोलायचं. आईशी वाद घालणं म्हणजे चालू लूमच्या खटखटाटात फोनवर बोलणं. आपला घसा बसतो, पलीकडे काही पोचत नाही. मी हात टेकले आणि दुसरी वाट काढली. बाळ बाहेर जात नाही ना, मग नमुना बाहेर जाईल.

आधी वाटलं लाळ घेऊ, काडी गालात फिरवायची की झालं. पण लाळ दूध पाजल्यानंतर तासाभराने घ्यायची असते, नाहीतर आईच्या दुधातलाच विषाणू काडीला लागून येतो. आणि आमच्या घरात बाळाने नुसतं ओठ हलवले तरी आई ओरडते, “घे गं तिला पदराखाली.” तासभर कुठून मिळणार? मी काडी घेऊन बसायचे आणि माझी पाळी येईपर्यंत बाळ पुन्हा दूध पीत असायचं. दोन दिवस हा खेळ झाल्यावर मी लाळेचा नाद सोडला आणि लघवी घ्यायचं ठरवलं. ओला लंगोट घेतला, स्वच्छ बाटलीत पिळला, बर्फाच्या डब्यात बाटली ठेवली आणि निघाले. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे गोदामांच्या ट्रकांची रांग लागलेली. बर्फ वितळतोय आणि मी रिक्षावाल्याला सांगतेय, भैया, कहीं से भी निकालो. तो विचारतो, क्या है डिब्बे में, मछली? मी म्हटलं, उससे भी कीमती.

तपास केला तर काहीच आलं नाही. विषाणू नाही असंही उत्तर आलं नाही, काहीच आलं नाही. या तपासात आम्ही मुद्दाम आपला जनुकाचा एक ओळखीचा तुकडा टाकतो; तो तरी दिसलाच पाहिजे, न दिसला तर नमुन्यातच काहीतरी तपासाला आडवं येतंय असं समजायचं. तो दिसलाच नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या, नमुन्यात काय मिसळलंय बघ. मी वैतागून घरी आले. दांडीवर लंगोट वाळत होते, ओळीने, पांढरेशुभ्र, कडक. एक हातात घेतला तर पापडासारखा उभा राहिला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेक झाली म्हणून दादाने मोठ्या हौसेने आपल्या स्वतःच्या लूमचं कोरं कापड आणलं होतं आणि आईने त्याचे लंगोट शिवले होते. लोकांच्या घरी बाळाला जुन्या मऊ साड्यांचे लंगोट लावतात. आमच्याकडे म्हणे घरचा माल असताना जुनं कशाला. आणि लूमवर चढणाऱ्या धाग्याला आधी कांजी असते, स्टार्चची. एक-दोन धुण्यांत ती कुठली निघते? लघवीबरोबर कांजीही मी बाटलीत पिळून नेली होती आणि तिनेच तपासाचा विचका केला होता. मला हसावं की रडावं कळेना. भिवंडीबाहेर कुठल्या घरात ही चूक झाली असती?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, लूमला सुट्टी, सगळे घरी. मी उकळलेली स्टीलची वाटी घेतली, बाळाचा लंगोट सोडला आणि फर्मान काढलं की आता कुणीही हलायचं नाही. आम्ही पाच माणसं एका बाळाभोवती बसलो. पंखा बंद केला, कारण मॅडमनी सांगितलं होतं बाळाच्या पोटावर गार पाण्याचा हात फिरव, आणि आई म्हणाली पंखा आणि गार पाणी दोन्ही मी होऊ देणार न्हाय, एक काय ते ठरवा. दादा नळ सोडून आला, पाण्याचा आवाज ऐकून येते म्हणे. त्यावर भाचा तावातावाने उठला, “मलाच आली,” आणि पळाला. आम्ही हसतोय तोवर धार लागली. मी वाटी पुढे केली, अर्धी वाटीत, अर्धी माझ्या ओढणीवर. आयुष्यात मला कुठल्या बक्षिसाचा इतका आनंद झालेला नाही.

नमुन्याचे दोन भाग केले. आमचं काम संशोधनाचं. औषध सुरू करायचं तर रीतसर लॅबचा रिपोर्ट लागतो, म्हणून एक बाटली तिकडे गेली आणि एक माझ्याकडे आली. माझ्या यंत्रावर रेषा चढायला लागली तेव्हा मी उभीच होते. ती लवकर चढली. जितकी लवकर चढेल तितका विषाणू जास्त. ओळखीचा तुकडाही दिसत होता, म्हणजे शंकेला जागा नाही. मी “आला” असं एवढ्या मोठ्यांदा म्हटलं की शेजारच्या टेबलावरचा मुलगा दचकला, आणि मग माझ्याच लक्षात आलं की काय आलं. खुर्चीत बसले आणि दोन मिनिटं रडले. पण खरं सांगते, रडतानाही मनात एकच होतं, वेळ आहे, अजून वेळ आहे.

रीतसर रिपोर्टही तसाच आला. तो मी आईसमोर ठेवला आणि सगळं पुन्हा सांगितलं, उजव्या कानाचंसुद्धा. वाटलं होतं आता पुन्हा सव्वा महिना निघणार. आई उठली, पोरीच्या कानामागे काजळाची तीट लावली, तिला दुपट्यात गुंडाळलं आणि स्वतःच दाराशी जाऊन उभी राहिली.

“चला, मंग. रिक्षा बोलवा.”

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. औषधाने गेलेला कान परत येईलच असं नाही, चांगला आहे तो टिकण्याची शक्यता वाढते, सहा महिने रोज द्यायचं, मधूनमधून रक्त तपासायचं. औषध सुरू झालं. माझा जीव भांड्यात पडला.

वहिनीचा मात्र पडला नाही. त्याला कारण मी होते. तिला दिवस गेले तेव्हाच मी तिला बजावलं होतं की मुलाचं उष्टं खायचं नाही, त्याच्या तोंडाचा मुका घ्यायचा नाही, लंगोट धुतल्यावर हात साबणाने धू. बालवाडीतल्या वयाच्या पोरांच्या लाळेतून हा विषाणू सहज बाहेर पडतो. तिने मान डोलावली होती. आणि मग रोज त्याच्या ताटात उरलेला भात-कालवण, वाया कसं घालवायचं म्हणून, उभ्या उभ्या संपवलं होतं. कुठली आई नाही संपवत?

“ताई, तुम्ही सांगितलं होतंत,” ती मला म्हणाली. “माझ्याच हाताने केलं मी हे.” आणि आई, तिच्या मनात काही नसतं पण तोंडाला कुलूप नाही, आई एकदा भाजी निवडताना बोलून गेली, “आमच्यात कुनाला असलं न्हाय झालं. तिकडचंच काय असंल तिच्या आंगात.” तिकडचं म्हणजे माहेरचं. तेव्हापासून तिच्या आईचा अंबाडीहून फोन आला की वहिनी अंगणात जाऊन बोलायला लागली, आणि बाळाकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला बघवत नव्हतं.

मला राग आला. मला राग आला की मी भांडत नाही, तपासते. मॅडमना विचारलं, घरातल्या सगळ्यांच्या लाळा आणू का? त्यांनी सगळ्यांच्या सह्या घ्यायला लावल्या आणि हो म्हटलं. सगळेच नळीत थुंकले, दादा नाराजीने, आई पदराआड वळून, भाचा इतक्या उत्साहाने की नळी भरून बाहेर. वहिनीची आई एक दिवस नातीला बघायला आली, तीही थुंकली. माझी मी थुंकले. बाळाचा नमुना होताच.

रांगा आल्या त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला. एकेक रांग उघडत गेले. वहिनी आणि तिची आई, जुळल्या. अंबाडीचा विषाणू, समजा. माझी आई, दादा, मी, अक्षर न अक्षर जुळलो, हा आमचा. आईने आम्हा दोघांना अंगावर पाजलं तेव्हाच दिलेला असणार. भाच्याच्या नळीत दोन्ही होते, अंबाडीचाही आणि आमचाही. म्हणजे एक आईच्या दुधातून आणि दुसरा आमच्याकडून. वहिनीच्या नळीत पुन्हा नीट पाहिलं, तर तिच्या जुन्याच्या बाजूला थोडासा आमचाही होता. आणि बाळात? बाळात अंबाडीचा नावालाही नव्हता. बाळात एकच होता. आमचा.

मी धावत मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाल्या, सुंदर. खरंच सुंदर होतं ते, एक अख्खं घर कागदावर. एका बाईच्या अंगातून दुसऱ्या घरच्या बाईच्या पोटात कसा गेला तो, वाट दिसत होती. घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात शंभर वेळा बोलून झाले होते. वहिनी सुटली, हेच डोक्यात.

सगळे जेवायला बसले होते. कोलंबी नव्हे, काटेरी मासा होता त्या दिवशी, म्हणून आई भाच्याला भरवत होती. आमच्याकडे लहान पोराला मासा भरवायची एकच रीत. घास आधी आपल्या तोंडात घ्यायचा, जिभेने काटे शोधून काढायचे, आणि मऊ झालेला घास पोराच्या तोंडात द्यायचा. बोटांना चुकलेला काटा जिभेला चुकत नाही. दादाला आणि मलाही तिने तसंच भरवलं होतं. मी दारातूनच सांगितलं की वहिनीचं माहेर यात नाही, बाळातला विषाणू तिकडचा नाहीच, तो आपल्या घरचा आहे, आईचा, दादाचा, माझा, एकच. आणि तोंडातून निघून गेलं, “पोराला लागला असेल आजीच्या घासातून, आणि त्याच्या उष्ट्यातून वहिनीला.”

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा मोकळेपणाने रडली आणि मला अगदी छान वाटलं, क्षणभर. मग माझं लक्ष आईकडे गेलं. तिच्या तोंडात घास होता. भाचा आ करून बसला होता. तिने तो घास उठून मोरीत थुंकला, हात धुतले, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मी तिच्यामागे गेले. सांगितलं की तुझ्याकडूनच आला असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, दादाकडूनही वहिनीला लागला असेल, आमच्या सगळ्यांकडे तोच आहे. तुला तुझ्या आईने दिला, तिला तिच्या आईने, यात कुणी काही केलेलं नाही. आईने ऐकून घेतलं.

“माज्या तोंडाचा हाय तो,” ती म्हणाली. “पोरीचा कान माज्या तोंडानं गेला.”

त्यानंतर तिने बाळाला घेणं बंद केलं. न्हाऊ घालायला दुसरी बाई लावायला सांगितलं. भाच्याला कुस्करून ताटात वाढायची आणि लांब बसायची, आणि तो रुसायचा. पाळणा हलवायची तीसुद्धा दोरी लांब धरून, तोंड फिरवून. मी तिला सांगून दमले की बाळाच्या अंगात तो आधीच आहे, आता तुझ्या हाताने आणखी काही लागायचं राहिलेलं नाही, तू तिला खुशाल घे. दादाने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ती मान डोलवायची आणि पुन्हा पायरीवर.

कानांची पुढची तपासणी झाली. डावा गेलेलाच. उजवा चांगला, एकदम चांगला. मी दवाखान्याच्या जिन्यातूनच सगळ्यांना फोन केले. घरी आलो तेव्हा आई पायरीवरच होती. मी सांगितलं, उजवा शाबूत आहे आई. तिने आकाशाकडे बघून हात जोडले, पण उठली नाही. बाळ प्रवासाने कावलेलं, वहिनीकडे राहीना, दादाकडे राहीना, रडून रडून लाल झालेलं.

वहिनी सरळ पायरीवर जाऊन आईला खेटून बसली. बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं आणि आपले दोन्ही हात काढून घेतले. आता आईने धरलं नसतं तर बाळ घसरलं असतं. आईने धरलं.

“आई, बोला ना तिच्याशी,” वहिनी म्हणाली. “तुमच्याशिवाय थांबणार नाही ती.”

आई बाळावर वाकली, थांबली, आणि मान वर करून तिने सुनेला विचारलं,

“कंच्या कानाशी बोलू?”